सहाव्या खंडातली अडीच पानं

“दुसऱ्या खंडात रेवली परत येते का, तेवढंच सांगा. बाकी काही नको.”

वाचनालयाच्या दारातून हा प्रश्न आला तेव्हा मी स्टुलावर चढून वरच्या कप्प्यातले जुने दिवाळी अंक खाली काढत होते. वळून पाहिलं. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, हातात घडीची पांढरी काठी. आमच्या साखर कारखान्याचे टेलिफोन ऑपरेटर, सर्जेराव मगदूम. चेहरा मी एक-दोनदाच पाहिला होता. आवाज मात्र रोजचा ओळखीचा. कारखान्यातले सगळे नंबर त्यांना तोंडपाठ आहेत, एमडींच्या सासुरवाडीचासुद्धा, असं लोक कौतुकानं सांगत.

“कुठली रेवली?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. “‘धुकेसागर’मधली. म्हणजे तुम्ही वाचलेलं नाही.”

नव्हतंच वाचलं. य. वा. आडिवरेकरांची ती मालिका माझ्याच वाचनालयात ओळीनं उभी होती, तेव्हा आठ खंड झाले होते. पण नावाड्यांच्या आणि जादूच्या गोष्टी म्हणजे पोरासोरांचं वाचन, असं मी धरून चालले होते.

“शाळेच्या वसतिगृहात आमचे रेक्टर जेवणं झाली की वाचून दाखवायचे,” ते म्हणाले. “पहिला खंड संपला. रेवली एकटीच नाव घेऊन धुक्यात शिरते, तिथं. मग रेक्टरांची बदली झाली.”

“कधीची गोष्ट?”

“सत्त्याहत्तरची.”

तेव्हा एक्क्याण्णव साल चालू होतं. चौदा वर्षं हा माणूस एका नावेच्या मागे काठावर उभा होता. मी स्टुलावरून उतरले, दुसरा खंड काढला आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला लागले. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभेच राहिले. बसा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि बसायचं त्यांना.

मी त्या वेळी छत्तीस वर्षांची होते. आई गेल्यावर सांगलीतली खोली सोडून कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर जास्वंद. आठवडा पुस्तकांवर शिक्के मारण्यात जायचा. रविवार मात्र सरता सरत नसे. वसाहतीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवत आणि मी निघाले की माझ्याविषयी बोलत. त्यामुळे पुढच्या आठवड्यात सर्जेराव चाचरत म्हणाले, “मॅडम, कॅसेटवर वाचून द्याल का? मी कॅसेटी आणून देतो,” तेव्हा मी विचार न करताच हो म्हणाले.

गणेशोत्सवात गाणी लावायचा टेपरेकॉर्डर वाचनालयाच्या कपाटात पडून होता. रविवारी खिडक्या लावून, पंखा बंद करून मी वाचत बसे. त्यांची एकच अट होती. “आधी वाचून ठेवू नका, मॅडम. पुढं काय होणार ते तुमच्या आवाजात उतरतं.” म्हणून मीही त्यांच्याइतकीच अनभिज्ञ असे. बाहेर उसाच्या गाड्या गेल्या तर घुंगरं कॅसेटमध्ये येत. ते हसून सांगत, “चौथी कॅसेट, उलटी बाजू. रेवली काळकाईच्या शिखराला लागते तिथं आपल्याकडची एक बैलगाडी जाते.”

आडिवरेकरांचं जग साधंच होतं. सात शिखरं, आणि त्यांच्यामध्ये पाण्याऐवजी धुकं. त्या धुक्यावरून नावा चालत. नावाड्याला समोरचं काही दिसत नसे, म्हणून प्रत्येक शिखरावर एक घंटा असे आणि ती वाजवणारं माणूस. काळकाईच्या शिखरावर होती भिवाक्का. म्हातारी, जन्मापासून आंधळी.

“ह्या जगात सगळेच माझ्यासारखे,” सर्जेराव एकदा म्हणाले. “म्हणून तिथं मला कोणी हात धरून रस्ता ओलांडून देत नाही.”

एकेक कॅसेट ते पाच-पाच, सहा-सहा वेळा ऐकत. रविवारी दुपारी वाचनालयाच्या पायरीवर बसून आमचं बोलणं चाले, आणि मी स्वतःच वाचलेल्या पुस्तकात काय काय होतं ते मला त्यांच्याकडून कळे. धुक्याला आडिवरेकरांनी सतरा नावं दिली आहेत आणि ‘ओली लोकर’ म्हटलं की त्या दिवशी कोणीतरी खोटं बोलतं. नावाडी खंडू तांडेल घाबरला की गाणं उलट्या कडव्यानं सुरू करतो. भिवाक्काचा पहिला टोला नेहमी अर्धा पडतो, कारण ती आधी दोरी चाचपडते.

“हे कुठं लिहिलंय?” मी विचारलं.

“दुसऱ्या खंडात एकदाच. नंतर नुसतं ऐकू येतं. तुम्ही वाचताना ‘ठण्’ म्हणता ना, तिच्या वेळी तो पहिला ‘ठण्’ बारीक छापलेला असणार. तुमचा आवाज आपोआप खाली येतो.”

मी पुस्तक काढून पाहिलं. खरंच बारीक टाईप होता.

पुण्याहून नूलकर नावाचे एक निवृत्त इंजिनियर ‘शिखरवार्ता’ नावाचं चार पानी पत्रक काढत. धुकेसागरचे वेडे वाचक त्यात भांडत. आडिवरेकरांनी नकाशा कधी दिला नव्हता आणि ते कोणाला भेटतही नसत, त्यामुळे कुठलं शिखर कुठल्या शेजारी, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. ती पत्रकं मी वाचून दाखवली तेव्हा सर्जेराव हसले. पुढच्या रविवारी त्यांनी खिशातून सात चिंचोके काढले आणि टेबलावर मांडले. कुठल्या नावेतून आधी कुठली घंटा ऐकू येते, मग कुठली, वारा कुठून वाहतो, एवढ्यावरून त्यांनी सगळी शिखरं बसवली होती. मी कागदावर ठिपके काढले, दोन पानं मजकूर लिहिला आणि पुण्याला पाठवला. तीन आठवड्यांनी नूलकरांचं पत्र आलं. ‘इतकी वर्षं आम्ही डोळ्यांनी वाचत होतो, इथेच चुकलं.’ ते वाक्य सर्जेरावांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

सहाव्या खंडापर्यंत आम्ही पोचलो तोवर दीड वर्ष झालं होतं.

अकरावं प्रकरण. टेप चालू होता आणि मी वाचत होते. भिवाक्काच्या झोपडीत एक साधू येतो. तो तिला सांगतो की मागच्या जन्मी तू दुसऱ्याच्या सुखाकडं वाईट नजरेनं पाहिलंस, हे आंधळेपण त्याचं फळ. आता ते फिटलं. तिला दृष्टी येते. ती दारात येऊन उजेड बघते आणि म्हणते, ‘आजवर मी जगलेच नव्हते.’ घंटेची दोरी सोडून ती शिखर उतरून निघून जाते. पान दोनशे चौदा ते सोळाचा मध्य. अडीच पानं.

त्या वाक्याला मी थांबले. टेप फिरत होता. मी बटण दाबलं, मागे घेतलं आणि त्या जागेवर पुढच्या परिच्छेदापासून वाचत गेले: ‘दुसऱ्या दिवशी काळकाईवर शुकशुकाट होता.’

बुधवारी सर्जेराव कॅसेट घेऊन गेले. रविवारी म्हणाले, “अकरावं प्रकरण जरा घाईत उरकल्यासारखं वाटतं. मध्येच खट्ट आवाजही आला.”

“माझा घसा बसला होता,” मी म्हणाले. “थांबून पाणी प्यायले.”

“मग लेखकाचाच बसला असेल,” असं म्हणून ते हसले. सातव्या खंडात एके ठिकाणी ‘डोळस झालेली भिवाक्का’ असे शब्द आले. त्यातले पहिले दोन मी वाचलेच नाहीत.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात पुण्याला वाचकांचा मेळावा ठरला. नूलकरांनी मुद्दाम लिहिलं होतं, ‘मगदूमांनी यावंच. नकाशाबद्दल दहा मिनिटं बोलावं.’ आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. सर्जेरावांनी नवा कोट शिवून घेतला होता. कराड मागं पडलं तसे ते म्हणाले, “मॅडम, एक गोष्ट तुमच्यापासूनही लपवून ठेवलीय. आठव्या खंडाची.”

“कुठली?”

“आत्ता नाही. तिथंच ऐका.” लहान मुलाला हसू दाबता येत नाही तसं त्यांचं झालं होतं. “सोळा वर्षं मी एकट्यानं माझ्याशीच वाद घातला. आज पहिल्यांदा माणसं मिळणार.”

नारायण पेठेतल्या एका शाळेचा वर्ग होता. बाकांवर तीसेक माणसं. मला वाटलं होतं, सगळी कॉलेजची पोरं असतील. पण त्यात बँकेतले कॅशियर होते, एक दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या, टोपी घातलेले एक आजोबा होते. सर्जेरावांचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. नूलकरांनी त्यांना हात धरून टेबलापर्यंत नेलं. मी शेवटच्या बाकावर बसले होते.

नकाशाचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं. मग सर्जेरावांनी खाकरून आवाज नीट केला.

“आठव्या खंडाच्या शेवटी रेवलीची नाव कड्यावर फुटणार असते. तेवढ्यात काळकाईची घंटा वाजते आणि ती वाचते. घंटा कोणी वाजवली ते लेखक सांगत नाही. ‘शिखरवार्ते’त ह्यावर वाद चाललाय. मी सांगतो, ती भिवाक्का आहे. त्या घंटेचा पहिला टोला अर्धा पडलाय. दोरी चाचपडून धरणारी काळकाईवर एकच बाई आहे.”

मग दुसऱ्या बाकावरचा एक चष्मेवाला तरुण उठला. तो उद्धट नव्हता, अडखळतच बोलला. “मगदूमसाहेब, टोल्याचं निरीक्षण फारच सुंदर आहे. पण भिवाक्काला तर सहाव्या खंडात दृष्टी येते. ती शिखर सोडून निघून जाते ना?”

“असं कुठं आहे?” सर्जेराव म्हणाले.

“अकरावं प्रकरण. पान दोनशे चौदा.”

“माझ्या सहाव्या खंडात ते नाही.”

मागून कोणीतरी हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसू पसरायला वेळ लागत नाही. “आवृत्ती कुठली म्हणायची?” टोपीवाल्या आजोबांनी विचारलं, आणि पुन्हा हसू आलं.

सर्जेरावांनी मान वळवली. मी कुठं बसले आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांचा चेहरा बरोबर माझ्याकडं आला. मला तेव्हा उठता आलं असतं. उठून एवढंच म्हणायचं होतं की चूक ह्यांची नाही, ती पानं मी वाचली नाहीत. मी बाकाची कड घट्ट धरली. मी उठले नाही.

“माझं ऐकण्यात राहिलं असेल,” सर्जेराव म्हणाले. “माफ करा.”

नूलकरांनी सावरून घेतलं आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर चहा-बिस्किटं झाली. लोक येऊन सर्जेरावांशी बोलत होते. रस्ता चुकलेल्या मुलाशी बोलतात ना, तसं. सर्जेराव सगळ्यांना हो हो म्हणत होते, आणि बिस्कीट तसंच हातात धरून उभे होते.

चारच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. कात्रजचा घाट उतरला.

“पुस्तक आहे का जवळ?” त्यांनी विचारलं.

होतं. नकाशाच्या बोलण्यात लागले तर म्हणून मी आठही खंड पिशवीत आणले होते.

“वाचा.”

“इथं? गाडीत?”

“वाचा, मॅडम.”

मी वाचलं. इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. साधू, मागचा जन्म, वाईट नजर, फळ. ‘आजवर मी जगलेच नव्हते.’ सगळं वाचलं. दोनशे सोळाच्या मध्यावर येऊन थांबले.

“संपलं?”

“संपलं.”

“का गाळलंत?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“हे?” त्यांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, मागच्या जन्मीचं पाप मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. आमच्या गल्लीत सवाष्णी सकाळी माझं तोंड बघायच्या नाहीत. आडिवरेकरांनी त्यात नवीन काय लिहिलं? वाईट लिहिलंय, एवढंच. कच्चं लिहिलंय. त्या माणसाला आंधळं असणं ठाऊक नाही, आणि ते लपवायला त्यानं साधू आणलाय.”

“सर्जेराव, माझं चुकलं.”

“पण तरी ती भिवाक्काच आहे,” ते म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत नव्हते. “डोळे आले म्हणून काय झालं? त्या दिवशी धुकं कुठलं होतं? ‘काजळी’. त्यात हात पुढं केला तरी दिसत नाही. तिथं परत आली असेल तर तिलाही दोरी चाचपडावीच लागेल. लेखक विसरेल, हात विसरत नाही.” मग त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. “एवढं मला तिथं म्हणता आलं असतं. त्या पोराला उत्तर देता आलं असतं. तुम्ही मला रिकाम्या हातानं उभं केलंत.”

मी रडत होते. त्यांना ते कळलं असणार, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढून मधल्या जागेत ठेवला. मग तोंड खिडकीकडं वळवून ते पेठ नाक्यापर्यंत तसेच बसले. उतरताना मी हात पुढं केला तर म्हणाले, “येतं मला.”

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी सहाव्या खंडाचं अकरावं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं वाचलं आणि कॅसेट शिपायाबरोबर पाठवली. निरोप आला, ‘मिळाली.’ मी आणखी काही रविवार खिडक्या लावून, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून बसले. मग तो कपाटात ठेवून दिला. फोन जोडून देताना ते पूर्वीसारखंच ‘नमस्कार मॅडम’ म्हणत. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

एसटीत मी त्यांना दिलेलं उत्तर खोटं होतं, हे माझं मला तेव्हाही ठाऊक होतं. ‘आजवर मी जगलेच नव्हते’ हे वाक्य समोर आलं तेव्हा भिवाक्काचं काय होतंय ह्याचं मला काही पडलं नव्हतं, आणि सर्जेरावांना काय वाटेल ह्याचंही फारसं नाही. मला एवढंच दिसलं की हे ऐकून ह्यांचं मन उडेल, कॅसेटी बंद करा म्हणतील, आणि माझा रविवार पुन्हा पहिल्यासारखा होईल. हे मी आज, तीस वर्षांनी, प्रथमच लिहिते आहे.

नववा आणि शेवटचा खंड पंच्याण्णवच्या पावसाळ्यात आला. पार्सल सोडलं आणि वाचनालय उघडं असतानाच वाचायला बसले. लोक येऊन पुस्तकं बदलून घेत होते, मी मान वर न करता शिक्के मारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटून तिसऱ्या प्रकरणात भिवाक्का आली. ती परत फिरली होती. काजळी धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग नाही हे कळल्यावर तिनं ते मिटून घेतले, दोरी चाचपडली आणि घंटा वाजवली. पहिला टोला अर्धा पडला, असं आडिवरेकरांनी स्वतःच लिहिलं होतं.

मी उठून फोनकडं गेले. वाचनालयाची लाईन उचलली की बोर्डावर त्यांच्या बोटाखाली कळे.

“नमस्कार मॅडम.”

“सर्जेराव, नववा खंड आलाय. तुमचं बरोबर होतं! ती भिवाक्काच होती. डोळे मिटून...”

“हो. ऐकलं,” ते म्हणाले. “नूलकरांचंही पत्र आलं. मेळाव्यातल्या त्या मुलानं वेगळं पत्र लिहिलंय, चार पानी. चांगलं लिहिलंय.”

“ऐकलं? पण मला तर काल पार्सल मिळालं.”

“पुण्याहून नूलकरांनी पाठवला होता. दोन आठवडे झाले.”

“मग वाचून कोणी दाखवला?”

“गेटवरचे पाटोळे. ड्यूटी सुटली की तासभर बसतात.”

पाटोळे वॉचमनना मी ओळखत होते. सातवीत शाळा सोडलेले. पगाराच्या कागदावर सही करायलाही वेळ लावायचे. “पाटोळ्यांना जमतं?” मी विचारलं.

“अडखळतात फार. जोडाक्षर आलं की थांबतात, मग मीच ओळखून सांगतो. एका पानाला दहा-दहा मिनिटं लागतात.” पलीकडं दुसरी कुठली तरी लाईन वाजली आणि थांबली. “पण मॅडम, सगळं वाचतात.”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते.

“कुठं जोडून देऊ?” त्यांनी विचारलं.

“कुठंच नाही.”

“बरं.”

ऑपरेटरनं आपणहून आधी फोन ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम असतो. ते थांबून राहिले होते. मग मीच ठेवला.